पगार वेळेवर होतो, तरी माणसं का दुरावतात?

प्रश्न असा आहे: भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. एकूण १४० माणसं, त्यात ५५ पर्मनंट, ७० कंत्राटी आणि १५ ऑफिस स्टाफ. पगार ७ तारखेच्या आत होतो, कॅन्टीन बरं आहे, बसची सोय आहे. तरी वर्षभरात वातावरण बिघडलं आहे. प्रॉडक्शन आणि क्वालिटीवाले एकमेकांशी धड बोलत नाहीत, जुने कामगार नव्यांना काम शिकवत नाहीत, आणि हाताशी आलेली मुलं सहा महिन्यांत चाकणला निघून जातात. यामागं मानसिक कारणं कोणती, आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात तुम्ही लिहिलेल्या तीन शब्दांपासूनच करू: पगार, कॅन्टीन, बस. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर माणसं खूश असायला हवीत, असं आपण धरून चालतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ साली मांडलं, की पगार, सोयी, कंपनीचे नियम बिघडले तर नाराजी येते, पण ते सुधारले म्हणून माणूस कामात रमतोच असं नाही. रमायला कामातलं यश, त्याची दखल आणि जबाबदारी लागते. त्यांच्या पद्धतीवर पुढं टीका झाली आणि ती रास्त आहे: चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःकडं घेतो आणि बिघडलं की कंपनीला दोष देतो, त्यामुळं मुलाखतीत अशी विभागणी दिसणारच. पण व्यवहारात एवढं नक्की उपयोगी पडतं: पाण्याचा कूलर दुरुस्त केला की कुरकुर थांबते, जीव लावून काम करणं त्यातून येत नाही. म्हणून कूलर दुरुस्त कराच, फक्त त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका.

माझं ठाम मत असं, की कारखान्यातल्या माणसाची वृत्ती त्याला किती मिळालं यापेक्षा ते कसं ठरलं आणि कुणी कुठल्या शब्दांत सांगितलं, यावर जास्त ठरते. तुमच्या तिन्ही तक्रारी याच अंगानं तपासून बघा.

तुलना कुणाशी होते ते आधी शोधा

जॉन स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ साली समतेचा विचार मांडला. माणूस आपण काय घालतो आणि काय मिळवतो याचा हिशेब करतो, आणि तो हिशेब शेजारच्या माणसाच्या हिशेबाशी लावून बघतो. शेजारचा माणूस कोण, हे मात्र तो स्वतः ठरवतो. व्यवस्थापन बाजारातल्या पगाराशी तुलना करून म्हणतं, ‘आपण बरे देतो.’ कंत्राटी मुलगा तुलना करतो मोशीतल्या खोलीवर सोबत राहणाऱ्या रूममेटशी, किंवा त्याच मशीनवर त्याच्या आधीच्या शिफ्टला बसणाऱ्या पर्मनंट माणसाशी. हिशेब जुळला नाही की तो जुळवायचे मार्ग ठरलेले असतात: हात आखडता घेणं, दांडी मारणं, साहेबाला जास्त पैसे मागणं, किंवा सोडून जाणं. आळस म्हणून आपण ज्याची नोंद करतो, ते बऱ्याचदा अशा हिशेबाचं उत्तर असतं.

दोन ठिकाणी हा हिशेब उघड दिसतो. पहिलं ठिकाण ओव्हरटाइम. कायद्यानं तो दुप्पट दरानं असतो, त्यामुळं कामगाराच्या महिन्याच्या खर्चात त्याला मोठी जागा असते. आणि तो कुणाला द्यायचा हे बहुतेक कारखान्यांत सुपरवायझर तोंडी ठरवतो. शनिवारी संध्याकाळी पाच जणांना थांबवायचं म्हटलं की तो हाकेला धावणाऱ्या, वाद न घालणाऱ्या नेहमीच्याच पाच जणांना थांबवतो. त्याच्या मनात पक्षपात नसेलही, त्याला काम उरकायचं असतं. पण उरलेल्यांच्या डोक्यात ‘साहेबाची माणसं’ आणि ‘बाकीचे’ अशी रेघ पडते. एकदा ती पडली की सुपरवायझरची प्रत्येक गोष्ट त्याच चष्म्यातून पाहिली जाते. यावर उपाय साधा आहे. कौशल्यानुसार नावांची यादी करा, पाळीपाळीनं नंबर लावा, नकार दिला तर नंबर शेवटी जाईल एवढाच नियम ठेवा, आणि ती यादी लाईनजवळच्या बोर्डावर लावा. यादी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये राहिली तर केल्यासारखी नाही.

दुसरं ठिकाण दिवाळी. बोनसची रक्कम वेगळी असणं माणसं समजून घेतात, कारण कायद्यानं किमान ८.३३ टक्के हे त्यांना माहीत असतं. पण पर्मनंटला मोठा मिठाईचा बॉक्स आणि कंत्राटीला पाव किलोचं पुडकं, एकाच गेटवर, एकाच रांगेत मिळतं ना, ते वर्षभर विसरलं जात नाही. पैशांतला फरक काही शे रुपयांचा असतो, पण त्यातून ‘तू आमच्यातला नाहीस’ एवढंच पोचतं. खंडेनवमीला मशीनच्या पूजेत आरतीचं ताट कुणाच्या हातात जातं, हेही असंच. या गोष्टी फुकट सुधारता येतात. मात्र खरा पगारच अन्यायाचा असेल तर मिठाईनं आणि गोड बोलण्यानं तो झाकू नका. माणसं ते ओळखतात आणि मग तुमच्या खऱ्या आपुलकीवरही विश्वास ठेवत नाहीत.

कारण सांगितलं की नुकसानही पचतं

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मधला अभ्यास प्रत्येक एचआर माणसाला माहीत असावा. अमेरिकेतल्या एका कंपनीनं दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कापला, तिसऱ्यात कापला नाही. एका कारखान्यात वरिष्ठांनी बैठक घेऊन आकड्यांसह कारण सांगितलं, वाईट वाटतंय असं म्हटलं, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्यात थोडक्यात निर्णय कळवला. कपात दोन्हीकडं सारखीच होती, पण चोरीचं प्रमाण थोडक्यात उरकलेल्या कारखान्यात कितीतरी जास्त वाढलं.

तुमच्याकडं हे एप्रिलच्या इन्क्रिमेंट पत्रात घडत असणार. पत्र पाकिटातून दिलं जातं, किंवा पगाराच्या स्लिपवरच आकडा दिसतो. मग तो आकडा संध्याकाळच्या बसमध्ये वाचला जातो. निगडीपर्यंत पोचेस्तोवर कुणाला किती, का, आणि कुणाचा वशिला, हे सगळं ठरलेलं असतं. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ साली अफवेचं एक सूत्र दिलं: विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. गुणाकार असल्यामुळं दोन्हींपैकी एक शून्य झालं तर अफवा मरते. पगाराचं महत्त्व तुम्हाला कमी करता येणार नाही, तेव्हा हातात उरते ती संदिग्धता. निर्णय झाला नसेल तर ‘अजून ठरलं नाही, १५ तारखेला सांगू’ एवढं बोर्डावर लिहा आणि १५ तारखेला खरोखर सांगा. १५ तारखेलाही ठरलं नसेल तर तसं सांगा, नवी तारीख द्या. तारीख चुकवून गप्प बसणं म्हणजे पुढच्या दहा सूचनांची किंमत घालवणं.

पत्र देताना प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, आणि ती त्याच्या थेट साहेबानं द्यावीत, एचआरनं नाही. क्रम असा ठेवा: आकडा आधी, कारण नंतर, मग गप्प राहून ऐकणं. ‘या वर्षी ९०० वाढलेत. हजेरी आणि मशीन सेटिंगचं काम यावर हे ठरलंय. सेटिंग तुम्ही अजून एकट्यानं करत नाही, म्हणून वरच्या गटात नाव नाही. जूनपासून शनिवारी शिकायला वेळ देतो. तुम्हाला काय वाटतं?’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. थिबॉ आणि वॉकर यांनी १९७५ साली न्यायप्रक्रियेच्या अभ्यासात दाखवलं, की आपली बाजू मांडायला मिळाली तर माणसं प्रक्रिया जास्त न्याय्य मानतात. फक्त ऐकून घेतल्याचं नाटक करू नका. एकही गोष्ट कधीच बदलत नाही हे कळलं की माणूस बोलणं कायमचं बंद करतो.

प्रॉडक्शन आणि क्वालिटी का भांडतात

हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. भांडण दिसलं की आपण म्हणतो, ‘त्या दोघांचं पटत नाही.’ दुसऱ्याचं वागणं त्याच्या स्वभावावर ढकलायचं आणि परिस्थितीचा वाटा विसरायचा, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं. कारखान्यात तो कसा तयार होतो ते एका पार्टवर बघू.

एका स्टीलच्या बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ एच७ मापाचा आहे. म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, एकूण मुभा २१ मायक्रॉनची. ऑपरेटर मशीनमधून पार्ट काढतो, एअर गननं चिप्स (धातूचा कीस) उडवतो, आणि लगेच प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी, घालून बघतो. किमान मापाची गो बाजू आत जाते, कमाल मापाची नो-गो अडकते. पार्ट ओके, ट्रेमध्ये ठेवला. अर्ध्या तासानं तोच पार्ट क्वालिटीच्या टेबलावर येतो आणि गो बाजू तोंडाशीच अडकते. लाल ट्रे, रिजेक्शनचा टॅग. ऑपरेटर म्हणतो, ‘माझ्याकडं गेला होता, तुझ्याकडं कसा अडकतो? मुद्दाम करतोस.’ इन्स्पेक्टरला वाटतं, हा चेकच करत नाही, नुसते आकडे भरतो.

दोघंही खरं बोलताहेत. कटिंग करून बाहेर आलेला पार्ट गेजपेक्षा २० अंश गरम असेल, तर २५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये जवळजवळ ६ मायक्रॉनचा फरक पडतो. पार्ट निवला की बोअर तेवढा आवळतो. २१ मायक्रॉनमध्ये ६ म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त! बोअर खालच्या हद्दीजवळ चालला असेल तर गरम असताना ओके आणि थंड झाल्यावर रिजेक्ट, हे घडणारच. त्यात दोघांच्या गेजची झीज वेगळी असेल तर विचारूच नका. दोन माणसांमधला राग खरा असतो, पण त्याचं बी तापमानात आहे.

म्हणून या दोन विभागांना संवादकौशल्याच्या वर्गात बसवण्याआधी मापन तपासा. मापनपद्धतीचा आर अँड आर अभ्यास करून घ्या, म्हणजे तोच पार्ट पुन्हा किंवा दुसऱ्या माणसानं मोजला तर माप किती बदलतं ते कळेल. हा फरक मुभेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं, १० ते ३० असेल तर विचार करून चालवायचं, ३० च्या वर असेल तर त्या मापावरून कुणाला मेमो देणं हा सरळ अन्याय आहे. तपासण्याआधी पार्ट निवू द्या, त्यासाठी मशीनशेजारी वेगळा ट्रे ठेवा. मग सकाळी अकराला, चहाच्या आधी, लाल ट्रेपाशी ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर दोघांनी दहा मिनिटं उभं राहायचं. एकच गेज, एकच पार्ट, आधी ऑपरेटरनं मोजायचं. टॅगवर ‘कुणाची चूक’ हा रकाना असेल तर तो काढून ‘कारण’ असा रकाना छापा. महिन्यातून एक शिफ्ट ऑपरेटरला क्वालिटीच्या टेबलावर बसवा. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली गटांमधली अढी कशानं कमी होते याच्या अटी सांगितल्या होत्या: दोघांचा दर्जा सारखा, उद्दिष्ट एक, सहकार्याशिवाय काम होणार नाही अशी रचना, आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा. लाल ट्रेजवळच्या दहा मिनिटांत या चारही अटी बसतात. मुळशीच्या रिसॉर्टवरच्या सहलीत एकही बसत नाही. तिथं प्रॉडक्शनवाले एका टेबलावर जेवतात, क्वालिटीवाले दुसऱ्या.

हीच गोष्ट शिफ्ट बदलताना पाहा. दुसऱ्या शिफ्टचा माणूस येतो तेव्हा चिप्स साठलेल्या, कूलंट खाली गेलेलं, इन्सर्ट (कापणारं टोक) संपत आलेला, आणि आधीचा माणूस बस चुकू नये म्हणून पंच करून पळालेला. तो पहिला अर्धा तास दुसऱ्याचं काम उरकण्यात घालवतो आणि टार्गेट मात्र पूर्ण आठ तासांचं. रोज हे घडलं तर दोन सज्जन माणसंही शत्रू होतात. दोन शिफ्ट दहा मिनिटं एकमेकांवर येतील अशी वेळ लावा, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे द्या. बसची वेळ त्याप्रमाणं सरकवा. बस न सरकवता हँडओव्हरचं फॉर्मॅट छापलं तर फक्त सह्या होतील.

अरे आणि अहो

आपल्या भाषेत दर्जा क्रियापदातच असतो, आणि शॉपफ्लोअरवर तो दिवसभर ऐकू येतो. पर्मनंट माणसाला ‘अहो शिंदे’, कंत्राटी मुलाला ‘ए, ट्रॉली आण’. काही ठिकाणी तर नावही नसतं, नुसतं ‘ए कॉन्ट्रॅक्ट’. चोवीस वर्षांचा डिप्लोमावाला पन्नाशीतल्या ऑपरेटरला अरे-तुरे करतो, आणि मग तो ऑपरेटर आपल्या हातातलं ज्ञान त्याला देत नाही याचं आपल्याला नवल वाटतं.

अरे-तुरे वाईटच असतं असं नाही, मित्रांत ती माया असते. कसोटी अशी: समोरचा तेच परत म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर जवळीक आहे. नसेल तर ती उतरंड आहे, आणि खालच्या माणसाला ती रोज जाणवते. सुपरवायझर आणि इंजिनिअर यांच्यासाठी एक नियम करा: फ्लोअरवर सगळ्यांना नावानं आणि अहो-जाहो. वयानं मोठ्यांना काका, दादा, मावशी म्हणणं आपल्याकडं सहज चालतं आणि ते चांगलंच आहे. फक्त झाडलोट करणाऱ्या बाईंना मावशी म्हणून चहाच्या कपबशा उचलायला लावणं हा मान नाही. सगळ्यांच्या शर्टाच्या खिशावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत नाव शिवा, कंत्राटी मुलांच्या सुद्धा. ठेकेदाराचं नाव पाठीवर असलं तरी चालेल, पण पुढून माणसाचं नाव दिसलं पाहिजे.

चूक दाखवताना चारचौघांत बोलू नका. माणूस चूक विसरतो, कुणासमोर बोललात ते विसरत नाही. त्याच दिवशी, बाजूला घेऊन, आधी ‘काय झालं?’ विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. मग घडलेल्या गोष्टीबद्दल बोला, माणसाबद्दल नको. ‘तुम्ही नेहमीच निष्काळजी’ या वाक्यातल्या ‘नेहमीच’वर पुढचा सगळा वाद होतो.

जुने नव्यांना का शिकवत नाहीत

त्यांची भीती बहुतेक वेळा खरी असते. वीस वर्षांत हाताला बसलेलं सेटिंग त्या माणसानं सहा महिन्यांत कमी पगाराच्या मुलाला शिकवलं, तर उद्या आपली गरज काय, असा त्याचा सरळ प्रश्न आहे. यावर प्रेरणेचं भाषण चालत नाही. शिवाय शिकवण्याच्या दिवशी त्याचं उत्पादन कमी भरतं आणि बोलणी त्यालाच खावी लागतात.

गटाचा दाबही असतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या १४ जणांचं निरीक्षण झालं. गटानं दिवसाचं ‘वाजवी’ काम स्वतःच ठरवून घेतलं होतं. त्याहून जास्त करणाऱ्याला टोपणनाव पडायचं, दंडावर गुद्दा बसायचा. पैशाचं आमिष असूनही माणसं गटाच्या मापानं चालली, कारण वेग वाढवला तर दर कापतील किंवा माणसं कमी करतील असं त्यांना वाटत होतं. तुमच्याकडं एखादा मुलगा जोरात काम करू लागला आणि पंधरा दिवसांत संथ झाला, तर त्याच्या बाजूच्या मशीनवर कोण आहे ते बघा. आणि मागं कधी कुणी टार्गेट गाठल्यावर लगेच टार्गेट वाढवलं होतं का, तेही बघा. तसं केलं असेल तर हा धडा कंपनीनंच दिलेला आहे.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्रच चालतात. शिकवणाऱ्याचं टार्गेट पहिले दोन आठवडे १५ ते २० टक्के कमी करा. शिकवणं हे त्याच्या पदाचं काम म्हणून लिहून द्या, छोटा का होईना भत्ता द्या. आणि शिकवल्यामुळं कुणाचं काम जाणार नाही, हे मालकांनी स्वतः, तोंडी आणि लेखी सांगावं. हा शब्द पाळता येणार नसेल तर देऊ नका.

मुलं सोडून का जातात, ते थोडक्यात. भरती करताना ठेकेदार ‘सहा महिन्यांत घेतील तुला’ असं सांगतो, आणि मुलगा ते कंपनीचं वचन म्हणून धरतो. डेनिस रूसो यांनी १९८९ साली ज्याला मानसिक करार म्हटलं, तो हाच: कागदावर नसलेला, पण मोडला तर कागदी करारापेक्षा जास्त लागणारा. पहिल्याच दिवशी एका पानावर साध्या मराठीत लिहून द्या: पगार हातात किती, पर्मनंट होण्याची शक्यता आहे की नाही, शिफ्ट कोणती, बस कुठून. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांना तेच हिंदीत. मग ७व्या, ३०व्या आणि ६०व्या दिवशी पाच-पाच मिनिटं बोला. सोडून जाताना मुलगा कधीच खरं कारण सांगत नाही, त्याला हिशेब आणि अनुभवाचं पत्र हवं असतं. दोन-तीन महिन्यांनी फोन करा, तेव्हा सांगतो.

झोप, शिफ्ट आणि गुरुवार

मानसिक कारणं शोधताना शरीर विसरलं जातं. मागच्या तीन महिन्यांतली भांडणं, मेमो आणि लहान अपघात वाराप्रमाणं व तासाप्रमाणं एका कागदावर मांडा. रात्रपाळीच्या पहिल्या दोन दिवसांत किंवा पहाटे ते दाटलेले दिसले, तर तो स्वभावाचा नाही, झोपेचा प्रश्न आहे. पाळ्या पहिली, दुसरी, रात्र अशा पुढच्या दिशेनं फिरवा. उलट्या फिरवल्या तर शरीराला जड जातं. दोन पाळ्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि मुलांच्या शाळेला रविवारी, त्यामुळं बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत. महिन्यातला एक रविवार पाळीनं देता आला तर देऊन बघा, त्याचं मोल पैशापेक्षा जास्त आहे.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली दाखवलं, की कामाचा ताण जास्त आणि हातात अधिकार कमी, ही जोडी सगळ्यात त्रासदायक असते. ऑपरेटरला खराब पार्ट दिसला तर मशीन थांबवायचा अधिकार आहे का? थांबवलं तर त्या दिवशी त्याला काय ऐकावं लागतं? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावरची नकोत, फ्लोअरवरची हवीत.

सुरुवात कशी करायची

पहिले दोन आठवडे फक्त ऐका. १२ ते १५ जणांशी प्रत्येकी ४० मिनिटं, यात निम्मे कंत्राटी असू द्या. सुपरवायझरच्या केबिनमध्ये नको, कॅन्टीनच्या रिकाम्या वेळेत बसा. ‘समस्या काय?’ असं विचारू नका, उत्तर येतं ‘काही नाही साहेब, सगळं बरं आहे.’ त्याऐवजी विचारा, ‘गेल्या आठवड्यात कामावर डोकं कधी तापलं? तेव्हा काय झालं?’ मग सगळ्यांसाठी १२ प्रश्नांची मराठी प्रश्नावली, पाच पर्याय, नाव नाही. ज्या गटात आठपेक्षा कमी जणांनी उत्तरं दिली त्याचा वेगळा आकडा जाहीर करू नका, माणूस ओळखू येतो. सूचनापेटी कॅमेऱ्याखाली टांगली असेल तर ती काढून स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा.

तिसऱ्या आठवड्यात निकाल बोर्डावर लावा, वाईट आकड्यांसकट. त्यातली पंधरा दिवसांत होणारी एक गोष्ट निवडा आणि करा. ओव्हरटाइमची यादी किंवा हँडओव्हरची दहा मिनिटं, दोन्ही चांगल्या सुरुवाती आहेत. प्रश्नावली घेऊन गप्प बसणं हे ती न घेण्यापेक्षा वाईट. त्यानंतर हजेरी, ९० दिवसांच्या आत सोडणारे आणि लाल ट्रेवरचे वाद, हे तीन आकडे विभागाप्रमाणं नव्हे, सुपरवायझरप्रमाणं पाहा. फरक तिथंच उघडा पडतो. उत्तम ऑपरेटर होता म्हणून सुपरवायझर केलेल्या माणसाला माणसं सांभाळायचं कुणी शिकवलेलं नसतं, त्यामुळं आकडा वाईट आला तर आधी शिकवा.

दोन गोष्टी या सगळ्यात मिसळू नका. लैंगिक छळाची तक्रार आली तर ती ‘संबंध बिघडले’ या सदरात टाकून समझोता घडवू नका. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी कायद्यानं अंतर्गत समिती असते, ती तिथं जाते. आणि एखादा माणूस खाणं-झोप सोडून बसला असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर सुपरवायझरच्या समजावणीवर थांबू नका. डॉक्टरांकडं न्या, टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर बोर्डावर लावा. तसंच २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते. ती तुमच्याकडं कागदावर असेलच, तिची बैठक खरोखर कधी झाली ते विचारा.

मालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगले संबंध असलेल्या चमूंमध्ये चुकांच्या नोंदी कमी नव्हे तर जास्त निघाल्या, कारण तिथं चूक सांगायची भीती नव्हती. तुमच्याकडंही तेच होईल. तक्रारवहीत पहिल्या महिन्यात ५ नोंदी असतील आणि दुसऱ्यात १८ झाल्या, तर कुणीतरी म्हणेल, ‘उगाच विचारायला गेलो.’ त्या १८ नोंदी वाचा. पहिल्या महिन्यात सगळ्या पाण्याबद्दल आणि बसबद्दल असतील. दुसऱ्या महिन्यात मशीन, गेज, सेटिंग आणि हँडओव्हरबद्दल लिहू लागले असतील, आणि खाली कुणीतरी आपलं नावही लिहिलं असेल, तर काम बरोबर चाललं आहे.